डाव्या कडेचं बोट

३ मार्च

न विचारता ज्यांचे फोटो काढले गेले आणि त्या फोटोंखाली ज्यांच्याबद्दल भलतंच छापलं गेलं, अशा तमाम माणसांनो!

हे पत्र तुला एकटीला आहे, पोरी, हे मला कळतं. पण जिने आयुष्यभर वर्गात नागरिकशास्त्र शिकवलं आणि वर्गाबाहेर शिक्षक संघटनेचा माईक धरला, तिला ‘कशी आहेस, मी बरी आहे’ अशी सुरुवात जमत नाही. शिवाय मी बरी नाही. मी संतापले आहे.

सोबत पालिकेच्या अहवालाचं एक पान आहे. फोटो ओळखलास? तूच काढलेला. आमच्या वाचनकक्षातलं लांब टेबल, खिडकीतून तिरपं आलेलं ऊन, आणि दुमडलेल्या हातांवर डोकं टेकून, डोळे मिटून बसलेले क्रेनवाले. तुझ्या प्रदर्शनात याच्याखाली ‘दुपारची शांतता’ लिहिलं होतं. लोक त्याच्यासमोर उभे राहून हळू आवाजात बोलत होते, मला अभिमान वाटला होता. आता पालिकेने काय लिहिलंय ते वाच. ‘वाचनकक्षातील एक “वाचक”.’ वाचक हा शब्द अवतरणचिन्हांत! आणि पुढच्या परिच्छेदात निष्कर्ष: या जागेचा उपयोग मुख्यतः झोपण्यासाठी होतो, सबब कक्ष बंद करून तिथे वाहनतळाचं कार्यालय करावं. २८ तारखेला समिती पाहणीला येणार आहे. त्यांच्या खिशात तुझा फोटो असेल.

क्रेनवाले झोपले नव्हते. ते ऐकत होते. बंदरावर आयुष्यभर क्रेन चालवलेल्या माणसाची नजर गेली, जाड भिंगाचा चष्मा लावूनही छापलेलं दिसत नाही. म्हणून रोज दुपारी मी त्या टेबलाशी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, अग्रलेखासकट. ते डोकं टेकून ऐकतात. मी त्यांच्या अगदी शेजारी बसले होते, आणि तू कॅमेरा असा धरलास की मी उडाले! एक बाई वाचतेय आणि एक माणूस ऐकतोय, यातली बाई काढून टाक, काय उरतं? झोपलेला माणूस. ते शत्रूला आयतं शस्त्र झालं. एखाद्याचं अर्धं वाक्य छापून उरलेलं पुसून टाकणाऱ्यांविरुद्ध मी जन्मभर बोलत आले, आणि ते काम माझ्याच घरातल्या पोरीने करावं?

रागाव हवं तर. पण उत्तर दे. मला का कापलंस?

तुझी आत्या


९ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी उभं राहून वाचलं. बसून वाचावं असं ते नव्हतंच.

आधी पालिकेचं. त्यांनी मला विचारलं नाही. प्रदर्शनाच्या पत्रकावरून फोटो उचलला, कापला आणि खाली आपली ओळ चिकटवली. माझं पत्र त्यांना गेलंय. उत्तर येणार नाही, पण गेलंय. आणि ‘न विचारता’ हे माझ्या माथी मारू नकोस. काढताना विचारलं नव्हतं, कारण विचारून काढला तर माणूस फोटोपुरता जगतो. पण भिंतीवर लावण्याआधी मी क्रेनवाल्या काकांकडे गेले होते, फोटो खिडकीशी धरून त्यांना दाखवला होता. नाकाला लावून पाहिला त्यांनी. “बरा आलोय,” म्हणाले. “बायको असती तर म्हणाली असती, दाढी करून बसायचं होतंत.”

आता तुझं. मला का कापलंस? तू पोज देतेस म्हणून.

घरातल्या कुठल्याही लग्नाचे फोटो काढून बघ. सगळे नवरा-नवरीकडे बघतायत आणि तू कॅमेऱ्याकडे, हनुवटी वर, आता ठराव मांडणार असल्यासारखी. वाचनकक्षात मी कितीतरी दिवस नुसती बसले होते, आठवतं? कॅमेरा मांडीवर. सुरुवातीला सगळ्यांनी केस सारखे केले, पोटं आत घेतली. मग कंटाळले आणि मला विसरले. माणसं विसरली की माझं काम सुरू होतं. शिंपीकाकू तोंडाचा चंबू करून कपड्यांची चित्रं बघायला लागल्या. ग्रंथपालबाई पुस्तकं लावताना गुणगुणायला लागल्या. सगळे विसरले, फक्त तू नाही. मी कॅमेरा उचलला की तुझा आवाज बदलायचा. दूध महागल्याची बातमी तू अशी वाचलीस की मला वाटलं, आता मोर्चा निघणार.

आणि एक नियम आहे. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते म्हणायचे, नात्यातलं माणूस चौकटीत घेऊ नका. त्याला तुम्ही बघत नाही, आठवता. मी तो पाळते.

पण तुझ्या पत्रानंतर मूळ फोटो पुन्हा बाहेर काढून पाहिला. तू त्यात थोडीशी आहेस, आत्या. अगदी डाव्या कडेला, वर्तमानपत्राचा कोपरा आणि त्याच्यावर तुझं बोट. वर केलेलं. अर्थातच. मला ते नको होतं, पण ते काढायला गेले तर काकांचं कोपर तुटत होतं, म्हणून राहू दिलं. पालिकेने नेमकी तेवढीच कड कापली. चुकून कापली असं मला वाटत नाही.

मोठी प्रत सोबत. बोट सांभाळ.

तुझी भाची


१४ मार्च

बोट!

पोरी, हनुवटीबद्दल जे लिहिलंस ते मी तूर्त बाजूला ठेवते. विसरले नाही, बाजूला ठेवलंय.

प्रत हातात पडली तशी मी पालिकेत गेले. अहवाल लिहिणारे साहेब भेटले. त्यांच्या टेबलावर इतकी मोठी काच की तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिवसभर बघता यावा. मी फोटो समोर ठेवला.

“हे बघा. हे तुम्ही कापलंत.”

“हे काय आहे?”

“बोट.”

“ते दिसतंय, बाई. बोटावरून काय सिद्ध होतं?”

“शेजारी कुणीतरी वाचतंय. मी वाचतेय. आणि हे गृहस्थ ऐकतायत.”

ते खुर्चीत मागे रेलले. खूश झाले, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. “म्हणजे तुम्ही वाचनकक्षात मोठ्याने वाचत होता? तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. ती तुमच्या फोटोत आली नाही वाटतं?”

ऐकलंस? माणूस झोपला तर खोली बंद, माणूस जागा असला तर मी गुन्हेगार! यांना वाचनकक्षात हवंय तरी कोण? मी म्हटलं, “साहेब, जिथे माणसं असतात तिथे आवाज असतो. तुम्हाला शांतता हवी असेल तर वाहनतळ उत्तम. गाड्या बोलत नाहीत.” शिपाई हसला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उगाचच फाइल उचलून बाहेर गेला.

आता माझं ऐक. एका फोटोत माणूस पकडला जातो. त्याची गोष्ट सांगायची तर आधीचं आणि नंतरचं लागतं. तुझ्याकडे त्या दुपारचे पुढचे फोटो असणारच. त्यात क्रेनवाले मान वर करून वाद घालत असतील, अग्रलेख त्यांना कधी पटत नाही. ते सगळे मला पाठव. मी ते दारावर ओळीने लावणार. शिंपीकाकूंनी कापड दिलंय, त्याचा मोठा फलक रंगवून झाला: ‘क्रेनवाले ऐकत होते!’ लाल अक्षरांत. पत्रकंही छापायला टाकलीत.

लवकर पाठव. वेळ थोडा आहे.

तुझी आत्या


१८ मार्च

आत्या,

पुढचे फोटो शोधले. फारसे चांगले नाहीत. काही हलले आहेत, काहींत उजेड नीट नाही. तू बोटाचाच फोटो वापर, तो पुरेसा आहे.

एक विनंती. ‘ऐकत होते’ याऐवजी फलकावर दुसरं काही लिहिता आलं तर बघशील? खोली सगळ्यांची आहे, असं काहीतरी. आणि काकांना विचारलंस का, आपल्याबद्दल काय लिहिलेलं त्यांना चालेल?

इथे प्रदर्शनाची आवराआवर चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी भाची


२१ मार्च

हलले आहेत!

पोरी, शाई संपली म्हणून कोरी उत्तरपत्रिका देणारी मुलं मी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. मला नको शिकवूस. तू घाबरलीस. प्रदर्शनाच्या दालनाचा मालक म्हणाला असेल की पालिकेशी वाकडं नको, पुढच्या वर्षी त्यांचंच सभागृह लागतं. बरोबर ना? दुसऱ्याच्या दुःखाचा सुंदर फोटो काढायचा, तो भिंतीएवढा मोठा करायचा, टाळ्या घ्यायच्या. आणि तोच माणूस अडचणीत आला की म्हणायचं, उजेड नीट नाही! नकळत फोटो काढणं फार सोपं आहे, कारण त्यात काढणाऱ्याला कुठेच उभं राहावं लागत नाही. आम्ही चौकटीत, तुम्ही मागे. आता जरा पुढे ये.

आणि ‘काकांना विचारलंस का’ म्हणजे काय? त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं. परवा त्यांना फलक वाचून दाखवला. “बरा आहे,” म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. बराच वेळ बोललेच नाहीत. भारावले बिचारे. त्यांच्यासाठी असं कुणी कधी भांडलं नसणार.

फोटो पाठव. नसतील पाठवायचे तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी तुझ्याशिवाय लढायला मोकळी.

आत्या


२३ मार्च

आत्या,

पाठवले. सगळेच्या सगळे. एकही हललेला नाही.

दालनाच्या मालकाला मी घाबरत नाही. तो मलाच घाबरतो. मी तुला घाबरते. माईक हातात असलेल्या माणसाला ‘थांब, तू चुकतेयस’ म्हणणं सोपं नसतं, आणि तू तर हातात माईक नसतानाही तशीच असतेस. मला भित्री म्हणालीस, ते एका अर्थी खरं आहे. पण कशाला भ्याले ते आता बघ.

काका झोपलेत, आत्या. गाढ. पहिल्या फोटोत नुसते डोळे मिटलेत. पुढच्या फोटोत तोंड उघडलंय. त्याच्या पुढच्यात खांदे सैल पडलेत आणि चष्मा नाकावरून घसरून गालाखाली अडकलाय. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. तुझा लाल फलक दारावर लागला असता आणि त्या साहेबाने कुणालाही विचारलं असतं, तर काका खोटे पडले असते. तू नाही, ते. म्हणून लपवले. आणि ते भारावले नव्हते, आत्या. त्यांना बोलताच येत नव्हतं, कारण तू त्यांच्या वतीने बोलून टाकलं होतंस. तू म्हणतेस मी तुला चौकटीतून कापलं. तू तर त्यांना त्यांच्याच गोष्टीतून कापलंस, तेही लाल अक्षरांत.

आता शेवटचा फोटो हातात घे. खिडकीशी जाऊन बघ.

यात तू पूर्ण आहेस. मी जागा बदलली होती, ते तुझ्या लक्षात आलं नव्हतं. डाव्या हातात वर्तमानपत्र, नजर ओळीवर, ओठ शब्दावर उघडे. आणि उजव्या हाताने तू काकांच्या गालाखालून चष्मा काढते आहेस. काडी गालात रुतली होती, तिचा वळ दिसतोय बघ. मी तिथे होते, मला आठवतं, वाचन थांबलं नव्हतं. आवाज फक्त खाली आला होता, झोपलेल्या माणसाजवळ येतो तेवढा. मग तू चष्म्याची घडी घातलीस, त्यांच्या हाताजवळ ठेवलीस आणि पान उलटलंस.

म्हणजे ते झोपलेत हे तुला माहीत होतं. तुला नसेल, तर तुझ्या हाताला होतं.

हनुवटी खाली आहे. तुझे शेकडो फोटो काढले मी लहानपणापासून. तुझा फोटो म्हणावा असा हा एकच.

नात्यातलं माणूस नको, या नियमापायी तो भिंतीवर लावला नाही. लावायला हवा होता. त्या खोलीत काय चालतं ते या एका फोटोत सगळं होतं, आणि मी मात्र सुंदर उजेडात अर्धंच दाखवलं. त्याबद्दल तू मला हवं ते बोल. पण मला बोलण्याआधी काकांशी बोल.

तुझी भाची


२६ मार्च

पोरी,

फोटो मिळाले. आधी चिडले. केस पिंजारलेले, खांद्यावरून पदर घसरलेला, आणि तोंड असं उघडं, जणू दंतवैद्याकडे बसलेय. मग आतून कडी लावून तो पुन्हा बघितला. मला तो चष्मा अजूनही आठवत नाही. हात माझाच आहे, नाकारता येत नाही.

दुपारी वाचनकक्षात गेले. वर्तमानपत्र उघडलं नाही. क्रेनवाले म्हणाले, “आज संप आहे का?”

“तुम्ही झोपला होतात?”

“कधी?”

“त्या फोटोत.”

“हो की.”

“त्याच दिवशी?”

“छे, रोज. अग्रलेखापर्यंत कसाबसा तग धरतो.”

“म्हणजे इतके दिवस मी भिंतीला वाचून दाखवत होते?”

“भिंतीला कशाला? मला.” मग म्हणाले, “बाई, क्रेनच्या खोलीत वर माणूस एकटा असतो. खाली धक्क्यावर हमाल ओरडत असतात, शिव्या देत असतात, गाणी म्हणत असतात. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक. एकदम गप्प झाले की मी वाकून बघायचो, क्रेनच्या आकड्याखाली कुणी सापडलं की काय म्हणून. घरी आता बायको नाही. सगळं गप्प असतं. अशा शांततेत मला झोप लागत नाही, मी रात्रभर खाली काय झालं ते शोधत बसतो. तुम्ही वाचायला लागता, तेव्हा डोळा लागतो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“फलक रंगवून आणला होतात तुम्ही. किती आनंदात होतात.”

शिंपीकाकू पलीकडून म्हणाल्या, “आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं हो. तुम्ही वाचताना वर बघत नाही ना, म्हणून.”

मला राग आला, पोरी. आधी त्यांचा, मग तुझा, मग माझा. आणि मग, ज्याचा यायला हवा होता त्याचा. मी इतके दिवस काय करत होते? पालिका म्हणाली, झोपणं हा गुन्हा. आणि मी लाल अक्षरांत ओरडत होते की आमचा माणूस गुन्हेगार नाही! म्हणजे कायदा त्यांचा, आणि मी त्याच कायद्याची वकील. मी असं का नाही विचारलं की झोपला, तर काय बिघडलं? ज्याला स्वतःच्या घरात डोळा लागत नाही त्याला लागावा, अशी या शहरात एक खुर्ची असली तर ती काढून घ्यायची? समितीच्या बैठकीत कोण कोण डुलक्या घेतं याचे फोटो तू काढलेस, तर सभागृहही वाहनतळाला द्यावं लागेल. त्यांच्याखाली अवतरणचिन्हं कोण घालणार?

पत्रकं रद्द केली. फलक शिंपीकाकूंनी उलटा करून शिवला, आता कोरा आहे, आणि त्याच्या मधोमध तुझा शेवटचा फोटो लागतोय. या वेळी मी विचारलं. क्रेनवाल्यांनी तो नाकाला लावून बराच वेळ पाहिला. म्हणाले, “चष्मा तुम्ही काढायचात होय. मला वाटायचं मीच काढतो.”

“लावू का दारावर?”

“लावा.”

“खाली काय लिहू?”

“काही लिहू नका. दिसतंय ते.”

बोलणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही, पण मी ती घेतली. फोटोखाली एक शब्दही नाही. त्याच्या शेजारी, वेगळ्या कागदावर, मी एवढंच लावते आहे. तुला आधी पाठवते, कारण ते तुलाही आहे:

वाचनकक्षात येणाऱ्या माणसांनो!

तुमच्याबद्दल एक अहवाल लिहिला गेला. लिहिणाऱ्याने तुमच्याकडे पाहिलं नाही, एका कापलेल्या फोटोकडे पाहिलं. तुम्ही इथे शब्द शोधायला येता, ऊब शोधायला येता, सावली, माणसाचा आवाज, अर्धा तास झोप. यातलं काहीही मागायला लाजू नका आणि यातल्या कशाचंही स्पष्टीकरण देऊ नका. २८ तारखेला समिती पाहणीला येईल तेव्हा तिला रिकाम्या खुर्च्या दिसाव्यात अशी तिची फार इच्छा आहे. सकाळी दार उघडताच आत या. एक खुर्ची धरा. वाचा, ऐका, झोपा. पण समिती परत जाईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

आणि पोरी, क्रेनवाल्यांच्या पलीकडची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवते. कॅमेरा आणलास तर मांडीवर ठेव. मी वाचत असेन, वर बघणार नाही. तू येऊन बस.

तुझी आत्या